आबाजींच्या उशाचा खटका

वायरमनच्या पिशवीत उरलेले स्क्रू साठत जातात, तसे किस्सेही साठतात. त्यातले निम्मे एकट्या पिंपळगाव राजा या गावातल्या आबाजींच्या घरचे! गावात वीज नवीनच आली होती. मुलाचं लग्न झालं, म्हणून आबाजींनी मागे एक खोली वाढवली आणि तिथे वीज जोडायला मला आणि नामदेवला बोलावलं. नामदेव माझा जोडीदार. दिवसाला चार वाक्यं बोलायचा, त्यातलं एक चहाबद्दल.

*

"नवा बोर्ड कायले पाह्यजे? जुन्यातूनच तार ओढ ना बे," मी वेगळा बोर्ड सुचवताच आबाजी म्हणाले.

मी जुना बोर्ड उघडला. फ्यूजच्या जागी कुंपणाची तार.

"दोन वर्स झाले, एकदाबी फ्यूज उडाला नाही," आबाजी अभिमानाने म्हणाले.

खरंच होतं. उडालंच असतं तर एकदम घर उडालं असतं.

*

नवा बोर्ड मान्य झाला, पण अट घालून. त्याचा मेन खटका आबाजींच्या उशाशी हवा.

"आठ वाजता सून दिवा जाळून राह्यली तर मले उठा लागते. एक खटका ओढला का समदं बंद झालं पाह्यजे."

सून नलिनी, खामगावची. नवरा नोकरीला बाहेरगावी, आणि मार्चमध्ये तिची मॅट्रिकची परीक्षा. दिवसभर चूल, शेण, पाणी. अभ्यासाला उरायची ती रात्र. चहा देताना ती हळूच म्हणाली, "भाऊ, खटका माह्या खोलीत नाही का बसत?"

मी मान खाली घातली. मला आजही त्याची लाज वाटते. नामदेव म्हणाला, "चहा चांगला झाला."

*

अर्थिंगच्या खड्ड्यात थराथराने भरायला कोळसा आणि दहा शेर मीठ मागवलं. आम्ही पाइप आणायला गेलो आणि खड्डा भरायचं काम आबाजींच्या बायकोने अंगावर घेतलं. परत येऊन बघतो तर कोळसा खड्ड्यात, मीठ बरणीत.

"मीठ नाही घातलं, काकी?"

"घातलं न बापा, चवीपुरतं!"

*

बोर्ड बसला. काकी हळद-कुंकू, नारळ आणि पाण्याचा तांब्या घेऊन पूजेला आल्या. लाईन चालू होती. तांब्या वर जाताच नामदेव बोर्डाला पाठ लावून उभा राहिला.

"माह्यावर टाका."

काकींनी खरोखरच टाकलं. कुंकूही लावलं आणि नारळ त्याच्या पायाशी फोडला. ओल्या सदऱ्यातच त्याने राहिलेलं काम, आबाजींच्या उशाजवळची जोडणीसुद्धा, एकट्याने पुरं केलं.

*

त्या संध्याकाळी आम्हाला तिथेच जेवायला ठेवून घेतलं. आबाजींच्या उशाशी नवा खटका, शेजारी त्यांचा जीव की प्राण असलेला विजेवरचा रेडिओ, त्यावर भजन रंगलेलं. मागच्या खोलीत नलिनीचा दिवा.

आठ वाजले. आबाजींनी आमच्याकडे विजयाने पाहिलं आणि खटका ओढला.

नलिनीचा दिवा गेला. भजनही गेलं.

"हे काऊन बंद पडलं बे?"

"तुमीच सांगतलं होतं," नामदेव भाकरी मोडत म्हणाला, "एका खटक्यात समदं बंद झालं पाह्यजे."

आबाजींनी मुक्या रेडिओचं बटण दोनदा फिरवून पाहिलं. मग त्यांनी खटका वर केला. भजन पुन्हा सुरू झालं, आणि त्याच्या मागून, मोठ्याने, नलिनीच्या आवाजात इतिहासाच्या सनावळ्या.