सशाच्या कानांची टोपी

धुळ्याहून जळगावला निघालेल्या एसटीत एक बाई माझ्या शेजारी बसली आणि क्रोशाची सुई काढून लहान मुलाची टोपी विणू लागली. डोळे खिडकीबाहेर, बोलणं कंडक्टरशी, गाडी खड्ड्यांतून उडतेय, तरी तिचे हात थांबत नव्हते. एकदाही तिने टाके मोजले नाहीत. बघता बघता टोपीला सशाचे कान फुटले. मला बघवेना.

माझ्याही पिशवीत नातवाची टोपी होती, महिनाभर उसवून उसवून विणलेली. विहीणबाईंनी दिलेली टोपी तो झोपतानाही काढत नाही, म्हणून मी हट्टाने करायला घेतलेली. पारोळ्याला न राहवून ती मी त्या बाईच्या हातात दिली. तिने आत दोन बोटं घालून ताणून बघितली आणि हसली.

"बठ्ठा टाका घट्ट शेतस, अक्का. कोनवर राग शे?"

"टाके सगळेच घट्ट आले म्हणून राग कशाला असेल?" म्हणत मी टोपी ओढूनच घेतली.

जळगावला नातवाच्या डोक्यावर ती बसलीच नाही. घरी येऊन सगळी उसवली, पुन्हा विणली. या खेपेला विहीणबाईंचा विचार मनात येऊच दिला नाही. त्या बाईचे सैल, चटचट चालणारे हात तेवढे डोळ्यांसमोर होते.

टोपी आणखीच घट्ट झाली.