आमचा फिटर पुण्याला गेला

नाशिकजवळच्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझं छोटं वर्कशॉप होतं. पत्र्याचे भाग कापायच्या डाय, म्हणजे पोलादी साचे, आम्ही बनवायचो. आम्ही म्हणजे खरं तर आमचा एक फिटर, सायखेड्याचा. कापलेल्या पत्र्याच्या कडेवरून नख फिरवून तो डाय कुठे चुकली ते सांगायचा. मी मोजून बघायचो आणि दर वेळी तोंडावर पडायचो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी पुण्याचे कारखाने असे हात शोधत नाशकात यायला लागले. आमच्या कोपऱ्यावर चहाची टपरी होती. सकाळी दहाला आसपासच्या वर्कशॉपचे फिटर तिथे जमत. कोणीतरी खिशातून डायचा तुटका पंच, म्हणजे पत्र्याला भोक पाडणारा दांडा, काढायचा, बाकीचे तो उलटसुलट बघून का तुटला ते सांगायचे. मला मात्र त्या घोळक्यात माणसं पळवणारेच दिसायचे. मी शक्कल लढवली. चहा आतच मागवायचा, फुकट, वर बिस्किटं. बायको म्हणाली, "कोंडून कशाला ठेवता त्याला?" मी म्हटलं, तुला धंद्यातलं कळत नाही.

तो गेला तर वर्कशॉप बसणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. पगार वाढवला. खंडेनवमीला यंत्रांची पूजा मालकाने करायची, तीही त्याच्या हातून करवली. तरी दोन वर्षांनी तो पुण्याला गेलाच, आणि पाठोपाठ अवघड डायची कामंही तिकडे गेली.

काही वर्षांनी दिवाळीत तो फराळाचा डबा घेऊन भेटायला आला. न राहवून मी विचारलंच, "काय कमी पडलं रे तुला इथं?"

"कमी काय नाय शेठ. पन तिथं माझ्यावानी वीस जण हायेत. एक अडला की दुसरा सांगतो. इथं मी एकटाच. लय कोंडल्यावानी व्हायचं."

डब्यातली चकली मोडत मी विचार करू लागलो. एवढं पुणं वाढलं ते काय एकमेकांना अडचणी विचारून? की ते आधीच मोठं होतं, म्हणून हे सगळे तिकडे गेले? मी त्याला बाहेर चहाला जाऊ दिलं असतं तर तो राहिला असता, की दोन वर्षं आधीच गेला असता? राग येत होता, पण कोणावर काढावा ते कळत नव्हतं.

निघताना त्याने पिशवीतून एक ड्रॉइंग काढलं. "आमच्या सायबांशी बोललोय. सोपी डाय हाय शेठ, तुमच्याकडं होईल."

तो हे मायेने म्हणाला. उपकार मानावेत की अपमान वाटून घ्यावा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी काम घेतलं. डाय खरंच सोपी होती, तरी दोनदा परत आली. दुसऱ्यांदा ती हातात घेऊन मी वर्कशॉपच्या दारात उभा राहिलो. चूक कुठे आहे हे विचारावं, असं अख्ख्या अंबडमध्ये माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं.