कपाटातले आठ लॅपटॉप

मी जात्याच भित्रा. गॅस बंद केला की नाही हे बघायला कितीदा अर्ध्या रस्त्यातून घरी परतलोय. अशा माणसाच्या हाती आठ लॅपटॉपच्या कपाटाची किल्ली द्यायला नको होती, पण दिली गेली.

मेडशीजवळच्या एका खेड्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक होतो. परदेशातली एक निवृत्त शिक्षिका हौसेने, कुणी न बोलावता, आमच्याकडे आली. सोबत तिकडच्या लोकांनी वापरून दिलेले आठ लॅपटॉप. तीन आठवडे राहिली, पोरांना शिकवलं, ठेचा-भाकर खाऊन नाकाडोळ्यांतून पाणी काढलं आणि जाताना किल्ली माझ्या हातात ठेवली.

दुसऱ्याच दिवशी मी कपाट उघडलं आणि लगेच परत लावून टाकलं. एखादा बिघडला तर? साहेबांनी विचारलं तर? आधी पावसाची ओल, मग सोयाबीनच्या मळणीचा भुसा, मग विजेचा लपंडाव. मला कारणं कधी कमी पडत नाहीत. दसऱ्याला तेवढे बाहेर काढले. त्या दिवशी गावात ट्रॅक्टरपासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्यांची पूजा होते, तशी आम्ही लॅपटॉपांची केली. हळदकुंकू, झेंडू, आरती. कुंकू आत जाईल म्हणून झाकण मात्र मी कुणाला उघडू दिलं नाही.

सातवीतली एक मुलगी रोज दाराशी यायची. आमची शाळा सातवीपर्यंतच.

"सर, आज कम्प्युटर काढता का?"

"उद्या."

"रोज उद्याच म्हणता. काहून?"

मी फळा पुसायला लागायचो.

फेब्रुवारीत त्या बाईंचा निरोप आला. गुरुवारी येतेय, मुलं किती पुढे गेली ते बघायचंय. माझी झोपच उडाली. लॅपटॉप काढले तर दोन चालूच होईनात. उरलेल्या सहांवर चार दिवस पोरांकडून घोटून घेतलं, तपासणीच्या आधी घेतो तसं: उघडा, एक वाक्य लिहा, बंद करा. घरी बायको म्हणाली, "सांगून टाका न खरं." सांगणार होतो. एसटीतून उतरलेल्या बाईंचा हसरा चेहरा बघितला आणि त्यांची बॅग उचलून शाळेकडे चालू लागलो.

वर्गात बाई नेमक्या त्याच मुलीशेजारी बसल्या. तिने एका बोटाने वाक्य लिहिलं. बाई खूश. मग त्यांनी इंग्रजीत विचारलं, तुम्ही हे किती वेळा वापरता? दुभाषी मीच. मी मराठीत विचारलं.

"दसऱ्याले पूजा केली," मुलगी म्हणाली, "मंग सरनं कुलूप लावून देल्लं. आता चार दिवस झाले, काढले."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. विचारलं, तिने सांगितलं. बाई माझ्याकडे बघत होत्या, तीस पोरं माझ्याकडे बघत होती.

"शी सेज, एव्हरी डे," मी म्हणालो.

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि संध्याकाळच्या गाडीने गेल्या. मला सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो. लाज नंतर वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी हजेरी घेऊन मान वर केली तर ती मुलगी टेबलापाशी उभी.

"सर, एव्हरी डे म्हंजे रोज न?"

इंग्रजी मीच शिकवत होतो तिला. नाही कसं म्हणणार?

"हो," मी म्हणालो.

"मंग आता रोज काढा लागन. तुमी सांगतलं न मॅडमले."

ती रागावलेली नव्हती, चिडवतही नव्हती. मी खोटं बोललो असं तिच्या मनातही आलं नव्हतं. सरांनी शब्द दिलाय, एवढंच तिला कळलं होतं. तिने किल्लीसाठी हात पुढे केला.

मी किल्ली दिली. तिच्या सातवीचे दोनच महिने उरले होते.