धवल्यासाठी वॉकमन

लिहिण्याचा अधिकार नसताना लिहितोय. घरात कॉलेजात पोचलेला मी पहिलाच, चुकलं तर सांभाळून घ्या. परवा मित्राच्या नव्या हेडफोनच्या स्पंजचा वास आला आणि ठाणे स्टेशनजवळचं दुकान आठवलं. तिथे बाळकुमच्या आत्याबरोबर स्वस्तातला वॉकमन घ्यायला गेलेलो. आत्या आमच्या समाजातली धवलारीण, म्हणजे लग्नविधीची गाणी, धवले, गाणारी. तिच्यामागे ते गाणारं कोणी नव्हतं. लेक आंबिवलीला दिलेली. सासरी सासूपुढे मोठ्याने टेप लावायची चोरी, म्हणून तिने कानात ऐकून शिकावं असा बेत. आत्याने एका लग्नात भरलेली स्वतःची कॅसेट आणलेली. पहिला वॉकमन लावताच ती दुकानभर ओरडली, "अरं, नुसता ढोल धमधमतंय, बोल कुठं गेलं?" दुकानदार हसला, "मावशी, हळू बोला! बास आहे तो." "मंग बास कर, दुसरा दाव!" दुसरा लहान, जरा स्वस्तच. तो लावला आणि आत्याने दोन्ही हातांनी स्पंज कानांवर दाबून धरले. मग म्हणाली, "पोरा, ही मी?" मी कानाला लावला. शब्द न् शब्द स्वच्छ. ओळ उचलण्याआधी तिने घेतलेला श्वाससुद्धा थेट माझ्या डोक्यात. तोच घेतला, आंबिवलीला धाडला. कित्येक महिने काहीच कळलं नाही. मग एकदा आत्याकडे तिचे जावई आले आणि चपला काढता काढताच म्हणाले, "आमच्या बहिणीच्या हळदीला धवला हिनेच गायला. आमची आई मागून ओळ धरत होती."