ओठांवरचं उत्तर

इस्पितळाच्या लॉन्ड्रीत माणसं डोळ्यांनी ऐकतात. धुलाईची यंत्रं फिरायला लागली की शेजारणीनं कानात बोंब मारली तरी ऐकू येत नाही. म्हणून तिथं घसा कुणी ताणत नाही. समोरचीकडे तोंड करायचं, ओठ नीट हलवायचे, झालं. नवी बाई लागली की थोड्या दिवसांत हे शिकते, कुणी शिकवत नाही. मग हॉलच्या या टोकाची त्या टोकाचीशी सासूच्या उखाळ्यापाखाळ्या काढते आणि मधे उभ्या सुपरवायझरला पत्ताही लागत नाही. आणि कुणाशी बोलायचं नसेल तर तोंड फिरवायचं. तेवढ्यानं संबंध संपतो.

थोरलीनं तिथं अर्धं आयुष्य काढलं. वयानं सगळ्यांत मोठी, म्हणून थोरली. नवरा वारला, मुलगा नोकरीसाठी लांब गेला तो तिकडचाच झाला. तो फोन करायचा, हिला अर्धं ऐकू यायचं नाही, ही आपली "हो, हो, जेवले" म्हणायची. यंत्रांनी तिचे कान खाल्ले होते. डॉक्टर म्हणाले, या आवाजात आणखी राहिलात तर उरलंसुरलंही जाईल.

लॉन्ड्रीच्या मागे कपडा भांडार आहे. जाड भिंतींची शांत खोली. तिथली बाई निवृत्त होणार होती आणि जागा आतल्यांतूनच भरायची होती, पण अट पदवीची. चादरी मोजून द्यायला पदवी कशाला, हे विचारायला मी युनियनतर्फे साहेबाकडे गेले. साहेब म्हणाला, "नियम आहे." मी म्हटलं, "नियम काय आभाळातून पडला?" त्यानं चहा मागवला. साहेबानं चहा मागवला की समजायचं, काम होणार नाही.

थोरलीची पदवी एका पेपरावर अडली होती. बाहेरून परीक्षा देत बाकीचं सगळं तिनं काढलं होतं, राहिला होता समाजशास्त्राचा एक पेपर: संस्कृती, ओळख आणि सामाजीकरण. त्यात ती आधी आपटलेली. पुस्तक घेऊन ती युनियनच्या ऑफिसात आली.

"ताई, वाचते तेव्हा सगळं कळतं. पुस्तक मिटलं की पाटी कोरी."

मी पुस्तक चाळलं. कॉलेजची पायरी मी चढलेली नाही, जे शिकले ते वाचून आणि भांडून. त्यामुळे पुस्तकाला भीत नाही, पण राग येतो. माणूस माणसांत राहून माणसासारखा वागायला शिकतो, एवढंच सांगायचं होतं. त्यासाठी पुस्तक लिहिणाऱ्या गृहस्थानं पानंच्या पानं नासली होती.

"हे पाठ करू नकोस," मी म्हटलं. "उदाहरणं दे. आणि ती आपल्या लॉन्ड्रीतली दे. तपासणाऱ्याला पुस्तकातली वाचून वाचून झोप येत असते."

ते तिला पटलं. मग तिला चाळाच लागला. नवी बाई ओठ वाचायला शिकते, हे दुय्यम सामाजीकरण. डबा खाताना खिडकीखालच्या बाकावर नवीनं बसायचं नाही, ही लोकरूढी. दुपारी ती डबा एका हातानं खायची, दुसऱ्या हातात पुस्तक, आणि तेही सगळ्यांपासून जरा लांब. पोरींनी तिचं नाव बदलून टाकलं.

"प्रोफेसरीणबाई, आज भाजी खारट झालीय. याला समाजशास्त्रात काय म्हणतात?"

"संस्कृतीचा ऱ्हास," थोरली म्हणायची. हशा व्हायचा. मग ती पुन्हा पुस्तकात, आणि हशा तिला सोडून पुढे जायचा.

चादरीची घडी घालायला दोघी लागतात. थोरलीची जोडीदारीण बुटकी. नावाप्रमाणेच. थोरली थोडी वाकायची, बुटकी टाचा उचलायची, आणि चादर बरोबर मधल्या उंचीवर ताणली जायची. ताणायची, झटकायची, एकमेकींकडे चालत यायचं, टोकं जुळवायची, पुन्हा मागे सरायचं. दिवसभर तोंडासमोर तोंड. घरच्या माणसाशीही कुणी एवढं बोलत नसेल.

बुटकीनं तिला एक गोष्ट सांगितली होती, जी तिथं दुसऱ्या कुणाला माहीत नव्हती. लॉन्ड्रीत बुटकीला सगळे विधवा समजत. नवरा मेलेला नव्हता, दुसरीबरोबर सुखात नांदत होता. "टाकलेली म्हणून कीव करून घ्यायची, त्यापेक्षा मेला म्हटलेलं बरं," ती म्हणाली होती. ते सांगताना तिनं चादर दोघींच्या तोंडाभोवती आडोशासारखी धरली होती, ओठ थोरलीशिवाय कुणाला दिसू नयेत म्हणून.

परीक्षा जवळ आली. थोरली इस्त्रीच्या रोलरपाशी उभी होती, चादरी आत सारत होती आणि उत्तरं घोकत होती. आवाज न करता, ओठांतल्या ओठांत. बाकी जगात कुणी असं पुटपुटलं तर ती त्याची खासगी गोष्ट. लॉन्ड्रीत तो जाहीर कार्यक्रम. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण कान गेलेल्या माणसाला शांतता आणि एकांत एकच वाटायला लागतात.

तिच्या ओठांवरचं उत्तर असं होतं, मला तिथल्याच एका पोरीनं शब्दनशब्द म्हणून दाखवलं: "ओळख ही जन्मतः मिळत नाही, ती समाजात घडते. उदाहरणार्थ, आमच्याकडे एक ठेंगणी स्त्री आहे. तिचा नवरा जिवंत असून दुसऱ्या स्त्रीबरोबर राहतो. तरी ती विधवा म्हणून वावरते, आणि समाज तिला विधवा म्हणूनच वागवतो." पाठ करायचं म्हणजे पुन्हा पुन्हा म्हणायचं. ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. एकेक बाईचे हात थांबत गेले.

बुटकी चालत आली. तिनं रोलरचं बटण बंद केलं.

"झालं पाठ?" ती म्हणाली. "का अजून एकदा म्हणून दाखवतेस? मागच्यांना दिसलं नसेल."

थोरलीनं तोंडावर हात ठेवला. तोवर सगळ्यांचं वाचून झालं होतं.

त्या दिवसापासून बुटकीनं तिच्याकडे तोंड केलं नाही. मग बाकीच्यांनीही नाही. पोरी हसायच्या, गप्पा मारायच्या, फक्त थोरली वळली की त्याही वळायच्या. सुपरवायझरनं तिला उशांच्या अभ्र्यांवर लावलं. अभ्र्याला एक माणूस पुरतो.

ती माझ्याकडे आली.

"मी नाव घेतलं नव्हतं, ताई."

"उंची घेतलीस ना," मी म्हटलं. "तिथं त्या उंचीची दुसरी आहे का कुणी?"

"मला तिची बदनामी करायची नव्हती. ते उदाहरण इतकं चपखल बसत होतं…" मग म्हणाली, "मी तिच्या घरी गेले होते. तिनं दार उघडलं नाही. आतून काहीतरी बोलली असेल. मला काय ऐकू येणार? मी तशीच उभी राहिले आणि आले."

"आणि आता परीक्षेला बसायचं नाही, असं सांगायला आलीस."

तिनं मान खाली घातली. मी चिडले. चिडल्यावर माझं तोंड कुणाच्या बापाचं ऐकत नाही. म्हटलं, "परीक्षा सोडलीस तर काय बुटकी हार घालायला येणार आहे? मैत्रीण तर गेली. आता कानही घालव. मग दोन्हीकडून मोकळी."

ते तिला लागलं. लागायलाच हवं होतं. ती पेपराला बसली.

मी बाहेर फाटकापाशी थांबले होते. बाकीचे उमेदवार घोळक्यानं बाहेर आले, कोवळी पोरं, एकमेकांना उत्तरं विचारत. सगळ्यांच्या मागून ही एकटी.

"तोच प्रश्न आला," ती म्हणाली. "ओळख समाजात घडते, उदाहरणासह स्पष्ट करा."

"मग? लिहिलंस तिचं?"

"नाही. माझं लिहिलं." ती चालतच राहिली. "एका बाईला सगळे थोरली म्हणायचे. मग प्रोफेसरीण म्हणायला लागले. आता काहीच म्हणत नाहीत. तेव्हा ती कोण आहे हे तिला स्वतःला सांगता येत नाही. असं लिहिलं. पण शेवट सुचेना. मग पुस्तकातली व्याख्या ठोकून दिली."

"बुटकीचं लिहिलं असतंस तर कुणाला कळणार होतं?"

"कुणालाच नाही," ती म्हणाली आणि रस्ता ओलांडायला डावी-उजवीकडे बघायला लागली. भोंगे ऐकू येत नाहीत म्हणून तिला दोनदोनदा बघावं लागतं.

मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी पाळी सुटताना मी बुटकीला फाटकाशी गाठलं. म्हटलं, तिनं पेपरात तुझ्याबद्दल अक्षरही लिहिलेलं नाही, मार्कांवर पाणी सोडलं, आता तरी तोंड वळव तिच्याकडे.

बुटकीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, पेपर कोण वाचणार होतं? कुठला तरी परका मास्तर. त्याच्यापुढे माझी अब्रू गेली असती तर मला काय? ती जिथं घालवली, तिथं मला रोज जावं लागतं." पिशवी खांद्यावर घेतली. "आता सगळ्या माझ्याशी फार गोड वागतात. तेच नको होतं मला."

मी फाटकातून बाजूला सरले आणि तिला वाट दिली.

निकाल लागला. थोरली पास झाली, काठावर, पण झाली. साहेबाला या वेळी चहा मागवायची संधी मी दिली नाही. भांडाराची किल्ली तिला मिळाली.

परवा मी त्या खोलीत गेले होते. छतापर्यंत मांडण्या, घड्या घातलेल्या चादरी, एक टेबल, एक खुर्ची, बाहेरच्या बाजूला उघडणारी एक खिडकी. आवाज म्हणून नाही. थोरली मला पाहून खूश झाली, गरजेपेक्षा मोठ्यानं बोलत होती. मधेच कुणी आलेलं दिसलं की बोलताना हात तोंडावर जायचा.

तेवढ्यात खिडकीशी बुटकी आली. कपडे न्यायची पाळी तिची असावी. गाडा लावला, खाली गाड्याकडे बघत काहीतरी बोलली. थोरलीला तिचे ओठ दिसले नाहीत. तिनं परत विचारलं नाही. अंदाजानं चादरींचे दोन गठ्ठे उचलून खिडकीत ठेवले. बुटकीनं ते गाड्यावर रचले, जाता जाता पाठमोरीच आणखी काहीतरी म्हणाली आणि गेली.

थोरली खिडकीशीच उभी राहिली. गाडा वळणापलीकडे गेला तेव्हा माझ्याकडे वळली.

"ताई, तुम्ही ऐकलंत ना? काय म्हणाली ती?"

मी ऐकलं होतं. तिच्या चेहऱ्याकडे बघून मला काहीही सांगता आलं असतं, आणि तिनं ते मानलं असतं. पण हिच्या वाट्याला लोकांचे शब्द आधीच कमी येतात, त्यात मी भेसळ कशाला करू?

"अभ्रे राहिले, म्हणाली. नंतर कुणाला तरी पाठवते."

"अभ्रे," थोरली म्हणाली. तिनं मांडणीतून गठ्ठा काढला, खिडकीत ठेवला आणि खुर्ची ओढून खिडकीकडे तोंड करून बसली.