टोचलेली बोटं

सोनाजी तायडे यांच्याविषयी मी आजवर कुठेच बोललो नाही. निवृत्तीच्या समारंभात माझ्या हिवतापावरच्या संशोधनाचं बरंच कौतुक झालं, तेव्हा मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना तो विनय वाटला. आता थकलो आहे. टाळण्याचेही श्रम होतात, म्हणून लिहितो.

एकोणीसशे साठच्या आसपास मी अमरावतीच्या हिवताप पथकात नवा शास्त्रज्ञ होतो आणि तायडे रक्ताचे नमुने गोळा करणारे कर्मचारी. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, तरी मी त्यांना अरे-तुरे करी. सेमाडोहकडच्या जंगलातल्या कोरकू आदिवासी वस्त्यांत लोक सुईला भीत. तायडे उंबऱ्यापाशी उकिडवे बसत, आधी स्वतःच्या डाव्या हाताचं बोट टोचत आणि थेंब दाखवत. "पाय बुढ्या, मले काई झालं का? माहं रगत लाल, तुहं बी लालच निंगते." मग म्हातारा हसून बोट पुढे करी आणि तायडे त्याचा थेंब काचेवर घेत.

"रोज कशाला टोचून घेतोस?" मी एकदा विचारलं.

"दुसऱ्याचं रगत मांगाचं त सायेब, आपलं आदी द्या लागते."

काच फक्त ताप असलेल्याचीच घ्यायची, असा नियम होता. पण एक दिवस तायडे म्हणाले, "जंगलात नवा आलेला शिपाई आठ दिवसांत लोळते, अन हे बुढे त्याच डासांत बिड्या फुकून राहिले. यायच्या रगतात कायतरी हाय, सायेब."

शरीर पुन्हा पुन्हा रोग सोसून त्याच्याशी झुंजायला शिकतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तायडे ते डोळ्यांनी पाहून आले होते. मी म्हणालो, "ताप नसलेल्यांच्याही काचा घे. कुणाला सांगू नकोस."

"तसा कागद द्या मंग."

"मी आहे ना."

काचा आल्या. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर तापाचा मागमूस नसलेल्या म्हाताऱ्यांच्या रक्तात हिवतापाचे जंतू निवांत नांदत होते.

त्याच सुमारास वरिष्ठ अधिकारी तपासणीला आले. त्या काळी काही कर्मचारी गावात न जाताच स्वतःच्या रक्ताच्या काचा करून त्यांवर लोकांची नावं लावत. असे लोक हुडकायलाच साहेब फिरत होते. नोंदवहीत ताप नसलेल्यांची नावं दिसली आणि ते तायडेंना म्हणाले, "हात दाखव."

तायडेंनी डावा हात पुढे केला. बोटांच्या शेंड्यांची चाळण झाली होती.

"म्हणजे घरी बसून केल्यास."

तायडे माझ्याकडे पाहत राहिले.

मला पुण्याच्या एका प्रयोगशाळेत जागा मिळायची होती. नियम मोडल्याचा शेरा नको होता. काचा माझ्याच खणात होत्या. चार जरी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या असत्या, तरी कुठे जंतू दाट, कुठे विरळ, कुठे नाहीतच हे दिसून ते एकाचं रक्त नाही हे साहेबांना कळलं असतं. मी म्हणालो, "मला कल्पना नाही, सर."

तायडेंची नोकरी हंगामी होती, त्याच दिवशी गेली. जाताना म्हणाले, "काचा सांभाळा सायेब. खऱ्या हायेत." त्याच काचांवर माझा पहिला निबंध उभा राहिला. त्यात तायडेंचं नाव नाही.

काही वर्षांनी अकोल्यात मुद्दाम त्यांचा पत्ता काढून गेलो. ते जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहत होते. मला घरी घेऊन गेले. बायकोनं चहा दिला आणि ती दारातच उभी राहिली.

"आता कावून आले सायेब? अख्खी वस्ती यायले खोट्या काचावाला म्हनते."

"गप ना व," तायडे म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "त्या काचाइत सापडलं का काई?"

"सापडलं. तू म्हणत होतास तेच."

त्यांचा चेहरा उजळला. "पाय, तुले सांगत होतो ना मी," ते बायकोला म्हणाले.

"मंग त्या दिवशी सायेबानं कावून नाई सांगतलं?"

तायडे बशीत चहा ओतायचे थांबले. त्यांनाही ऐकायचं होतं. मी गाडीची वेळ झाली म्हणालो आणि उठलो.

पुढे ते वारल्याचं कळलं. त्या बाईंचा पत्ता आता माझ्याकडे नाही. पण त्या दिवशीही उत्तर मला येत होतं. मी भ्यालो होतो, वहिनी. काचा मीच घ्यायला लावल्या होत्या. तुमचे यजमान सच्चे होते. मला माफ करा.