कुत्र्याचं पान

२०२३ साल होतं, अन् मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. पोरीकडं अकोल्याले गेलो होतो, जठारपेठेत. आमचा जुना कुत्रा उन्हाळ्यात मेला होता, घर भकास वाटे. पोरगी म्हणाली, "बाबा, पिल्लू नका घेऊ. लोकायनं सोडलेले कुत्रे सांभाळतात अशी एक जागा आहे गावाबाहेर. तिथून एखादा न्या."

तिथं गेलो तर कोपऱ्यात सरकीचं पोतं ठेवल्यावानी काहीतरी दिसलं. पोत्यानं मान वर केली तवा मी दचकून मागंच सरलो. शेतकऱ्याच्या घरी कुत्र्याच्या बरगड्या मोजता येतात. याची मान कुठं संपते अन् पाठ कुठं सुरू होते तेच समजेना. शेपटी तेवढी हालत होती, बाकी सारा धोंडा. शेचाळीस किलो!

"गावरानच आहे, आजोबा," तिथली मुलगी म्हणाली. "एका म्हाताऱ्या बाईनं पेढे-जिलब्या चारून असा केला. बाई वारल्या. मग दोन घरांनी नेला, दोघांनीही परत आणून सोडला."

"कावून?"

"चालत नाही म्हणे. गुडघे गेलेत, हृदयावर भार आहे. वजन उतरलं तर जगेल. चढलं तर नाही."

दोन घरांनी नाही म्हटलं, म्हणून मी हो म्हटलं. माझा सोभावच तसा. तिथल्या मुलीनं एक प्लास्टिकचा कप दिला. त्यांचं कुत्र्याचं खाणं सकाळी एक कप, संध्याकाळी एक कप, वर कणभर नाही. मले ते लागलं. आमच्यात जेवणाऱ्याच्या भाकरी मोजत नाहीत. पण मी कागदावर सही केली होती. चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहो, सही केली की केली.

अमरावतीले घरी आणला. गल्ली हसली. शेजारचे वकील म्हणे, "काका, कुत्रा हिंडवून राहिले का म्हैस?"

"म्हैस असती तर दूध तुमच्याकडंच धाडलं असतं," म्या म्हटलं.

दोन महिने कप सोडला नाही. बायकोनं, आमच्या बुढीनं, एकदा भाकरीचा काठ टाकला तर तो मी त्याच्या तोंडातून काढला. पहिले तो दारापर्यंत चालून बसून जाये. मग नळापर्यंत गेला. मग शाळेच्या फाटकापर्यंत. जनावरांच्या डॉक्टरच्या काट्यावर चाळीस भरला, तवा मी पोरीले फोन करून दोनदा सांगतलं.

मग पितृपक्ष लागला.

आमच्या गल्लीत भटजी, वकील, मास्तर अन् आमच्यासारखे वावरवाले, सारे आहेत. सगळ्यांकडं पितरं जेवतात. कावळ्याचा घास, गाईचं पान, कुत्र्याचं पान. गाय मिळते, कावळा येते कसातरी, पण मोकाट कुत्रं त्या वेळेले नेमकं सापडत नाही. दुसऱ्याच दिवशी भटजी फाटकात उभे. हातात पान, त्यावर खीर, उडदाचे वडे, भजे.

"काका, तुमचा कुत्रा घेईल का? घरची मंडळी ताटावर खोळंबलीत."

पितरांचा घास, त्याले नाही कसं म्हणायचं? मी म्हटलं, ठेवा. कुत्र्यानं पान चाटून साफ केलं. भटजी खूश. म्हणे, "किती शांतपणे घेतो हो! पितर तृप्त झाले असणार."

ही गोष्ट गल्लीत पसरली. रोज दोन-तीन घरचे पानं येऊ लागले. मास्तरीणबाई तर म्हणाल्या, "तुमच्याच कुत्र्याले द्यायचं म्हणून मी वडे वेगळे काढले." माझी छाती फुगली. खोटं कावून सांगू? दोन घरांनी हाकललेल्या जनावराच्या दारात भटजी उभे राहतात! अन् कपाचा नेम मी मोडला नव्हता. सकाळी एक, संध्याकाळी एक. पानावरचं त्याचं जेवणच नव्हतं, ते पितरांचं होतं. मी असंच धरून चाललो होतो. मनात दुसरा विचारच आला नाही.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी दुपारी तो उठेना. जीभ जांभळी, श्वास भात्यावानी. ऑटोवाल्यानं अन् म्या मिळून त्याले उचलला. बुढी सोबत आली.

डॉक्टरच्या काट्यावर सत्तेचाळीस.

"काटा बिघडला तुमचा," म्या म्हटलं.

मग मीच चढलो काट्यावर. एकसष्ट. माणसांच्या दवाखान्यात मागच्या आठवड्यात तेवढाच भरलो होतो. काटा बरोबर होता. मी खुर्चीवर बसलो.

"काका, खाऊ काय घातलं याले?"

"कप."

"कप सोडून?"

"काईच नाही." अन् मी हे खरं समजून बोललो.

बुढी बाजूलेच उभी होती. "काईच नाही? अन् त्या पानाचं काय?"

"ते पितरांचं असते वं. त्याचं थोडीच हाय?"

डॉक्टर सुई भरता भरता थांबले. माझ्याकडं पाहिलं. हसले नाही, रागावले पण नाही. म्हणे, "काका, पोट तर त्याचंच आहे ना."

कोणी थोबाडीत मारली असती तरी मी इतका सुन्न झालो नसतो. इतक्या वर्षांच्या माणसाले एवढी गोष्ट दिसू नये? म्हाताऱ्या बाईनं लाडापायी चारलं, म्या मान मिळतो म्हणून चारलं. बाईले मी मनातल्या मनात किती नावं ठेवली होती.

"आणखी एक दिवस असा गेला तर माझ्याकडं आणू नका," डॉक्टर म्हणाले. "उपयोग नाही."

घरी आलो. पोरीले फोनवर सांगतलं. ती म्हणे, "बाबा, तुमच्याच्यानं होत नसलं तर सांगा. मी परत सोडून येईन त्याले."

मी फोन ठेवून देला.

"उद्या सर्वपित्री," बुढी म्हणाली. "ज्याले तिथी माहीत नाही, तोही उद्याच घालते. अर्धी गल्ली येईन फाटकात. कोणाकोणाले नाही म्हणसान? अन् तुमच्या बापाचं पानही उद्याच हाय."

कुत्रा ओसरीवर आडवा पडला होता. सुईनं श्वास जरा खाली बसला होता. त्यानं डोळे उघडून माझ्या हाताकडं पाहिलं. हातात काही आहे का, ते पाहून राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुली पेटायच्या आधी मी धोतर नेसून निघालो अन् एकेका दाराशी जाऊन उभा राहिलो. अकरा घरं. प्रत्येक दारात तेच बोललो, "माझ्या कुत्र्याले घातलं तर तो मरते. चूक माझी झाली. कुत्र्याचं पान माझ्यापाशी द्या, मी पोचवतो." वकील हसले. मास्तरीणबाईचं तोंड उतरलं. भटजी जानवं सारखं करत म्हणाले, "काका, कोणत्याही कुत्र्यानं खाल्लं तरी चालतं हो. शास्त्रात तुमच्याच कुत्र्याचं नाव नाही." मग हे आधी कावून नाही सांगतलं, असं तोंडावर आलं होतं. पण मीही तर विचारलं नव्हतं.

पानं तयार झाल्याबरोबर सायकलीच्या दोन्ही बाजूले पिशव्या अडकवल्या अन् वलगाव रस्त्याले लागलो. नाल्याच्या पुलाखाली एक हडकुळी कुत्री चार पिल्लं घेऊन बसली होती. माझ्या बापाचं पान मी तिच्यापुढं ठेवलं अन् बाकीचे अकरा घेऊन पुढं निघालो.